कुत्र्यांच्या विषाणू-तपासण्या: निकाल नेमका कोणासाठी?

कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांमध्ये ज्या एका रोगाचं निदान प्रयोगशाळा सर्वांत खात्रीनं करते, त्या रोगात निकालाचा कुत्र्याला काडीचाही उपयोग नसतो. रेबीजची भरवशाची तपासणी मेंदूवर होते, म्हणजे कुत्रं मेल्यावर. निकालाची वाट पाहत असतात ती त्यानं चावलेली माणसं. दुसऱ्या टोकाला पार्वो. तिथे पिल्लू समोर टेबलावर असतं, निकाल दहा-पंधरा मिनिटांत मिळतो, पण पट्टीवर रेघ एक उमटो की दोन, पहिल्या दिवसाचे उपचार फारसे बदलत नाहीत. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, प्रतिजैविक, ऊब. पार्वोवर थेट मारा करणाऱ्या प्रतिपिंडाच्या इंजेक्शनला अमेरिकेत 2023 मध्ये सशर्त परवानगी मिळाली खरी, पण आपल्याकडच्या दवाखान्यात पिल्लू अजून सलाईनवरच तगतं.

मग या तपासण्या करायच्या कशासाठी? माझं उत्तर असं, की बहुतेक वेळा त्या आजारी कुत्र्यापेक्षा त्याच्या आसपासच्यांसाठी असतात. शेजारच्या पिंजऱ्यातलं पिल्लू, निवारागृहातली बाकीची चाळीस कुत्री, चावा बसलेलं मूल, जंगलाच्या कडेचे सिंह-वाघ. तपासणीचा खर्च 'आमच्या टॉमीला काय झालंय' एवढ्या एकाच प्रश्नावर तोलला, तर ती अनेकदा उधळपट्टी वाटते. हा हिशोब मोठा करून पाहिला की कोणती तपासणी, कुठल्या दिवशी, कशाच्या नमुन्यावर, हे सगळे प्रश्न वेगळे दिसू लागतात.

पार्वोपासून सुरुवात करू, कारण दवाखान्यात सर्वांत जास्त वापरली जाणारी विषाणू-तपासणी तीच. हा रोग जुना नाही. 1978 मध्ये तो एकाएकी जगभर दिसू लागला आणि दोन वर्षांत खंडाखंडांवर पसरला. मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूचा हा जवळचा नातलग. कुत्र्यांनी तो आधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे पहिल्या लाटेत मोठी कुत्रीही दगावली. भारतात तो 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदला गेला. मूळ विषाणूची जागा लवकरच 2ए, मग 2बी आणि 2000 मध्ये इटलीत सापडलेल्या 2सी या प्रकारांनी घेतली. हे प्रकार ओळखले जातात ते विषाणूच्या कवचातल्या प्रथिनाच्या 426 व्या जागेवर कोणतं अमिनो आम्ल आहे यावरून. संशोधकांच्या दृष्टीनं ही माहिती मोलाची, डॉक्टरच्या दृष्टीनं जवळपास बिनकामाची, कारण लस आणि उपचार सगळ्यांना सारखेच. तरीही काही लॅब रिपोर्टवर प्रकार ठळक छापतात आणि मालक घाबरून विचारतो, 'हा नवीन स्ट्रेन आहे का?'

दवाखान्यातलं किट शेणातला, म्हणजे कुत्र्याच्या विष्ठेतला, विषाणूचा अंश पकडतं. त्याची खरी अडचण वेळेची. संसर्गानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विषाणू विष्ठेत यायला लागतो, पुढचे काही दिवस तो भरभरून येतो आणि साधारण दहाव्या दिवसापर्यंत इतका घटतो की किटला दिसेनासा होतो. त्यात पिल्लाला रक्ताची हगवण सुरू झाली की आतड्यात पाझरणारे प्रतिपिंड विषाणूला चिकटून बसतात आणि किटला तो ओळखू येत नाही. पातळ पाण्यासारख्या विष्ठेत विषाणू विरळ झालेला असतो तो वेगळाच. त्यामुळे सगळ्यात आजारी दिसणारं पिल्लू कधीकधी निगेटिव्ह येतं, आणि मालक म्हणतो, 'बघा डॉक्टर, पार्वो नाहीये.'

थोडं गणित करू. आकडे समजुतीपुरते धरलेले आहेत. किट खऱ्या रुग्णांपैकी शंभरात ऐंशी पकडतं आणि निरोगींपैकी शंभरात दोघांना उगाच पॉझिटिव्ह ठरवतं असं समजा. लस न घेतलेली, रक्ताची हगवण लागलेली शंभर पिल्लं आली आणि त्यांतल्या साठांना खरोखर पार्वो आहे. किट अठ्ठेचाळीस पकडेल, बारा सोडेल. उरलेल्या चाळिसांपैकी फार तर एखादं उगाच पॉझिटिव्ह दाखवेल. म्हणजे पॉझिटिव्ह निकाल जवळपास पक्का, पण निगेटिव्ह आलेल्या सुमारे एक्कावन्न पिल्लांपैकी बारा, जवळपास चौथा हिस्सा, पार्वोचीच. आता तेच किट बोर्डिंगमध्ये सोडायला आणलेल्या हजार धडधाकट कुत्र्यांवर वापरा, ज्यांत पाचांना संसर्ग आहे. चार सापडतील आणि वीस निरोगी कुत्र्यांवर ठपका बसेल. किट तेच, फक्त कुणावर वापरलं हे बदललं. 'तुमच्या किटची अ‍ॅक्युरसी किती?' या प्रश्नाला म्हणूनच एका आकड्यात उत्तर नसतं, आणि डब्यावर छापलेला आकडा कंपनीनं निवडलेल्या नमुन्यांवरचा असतो हेही लक्षात ठेवलेलं बरं.

किटची उणीव विषाणूचं जनुक शोधणारं पीसीआर भरून काढतं, पण नवीन घोळ घालतं. ते इतकं तीक्ष्ण, की बऱ्या झालेल्या पिल्लाच्या विष्ठेत आठवडे उलटले तरी विषाणूच्या जनुकाचे तुकडे सापडतात. पार्वोच्या लशीतला विषाणूही जिवंत, दुबळा केलेला. तो आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. दहा दिवसांपूर्वी लस घेतलेल्या पिल्लाला जंतांमुळे हगवण लागली, तर पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि दोष लशीवर जातो. किटवरही लशीनंतर काही दिवस फिकी रेघ उमटल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे रिपोर्टवर निव्वळ पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न पाहता सीटीचा आकडा, म्हणजे विषाणू दिसायला पीसीआरला किती फेऱ्या लागल्या तो, मागावा. प्रत्येक फेरीत जनुक दुप्पट होतं, म्हणून सीटी 18 आणि सीटी 36 यांत अठरा दुपटींचा फरक, म्हणजे अडीच लाखांहून अधिक पट. पहिला आकडा सांगतो की विषाणू आतड्यात धुमाकूळ घालतोय. दुसऱ्यावरून एवढंच कळतं की तो कधीतरी इथून गेला.

आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांमध्ये एक जुनी तपासणी आहे, तिला नवी पिढी विसरत चाललीय. पार्वोचा विषाणू डुकराच्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो. थंडगार तापमानाला, छोट्या खाचांच्या प्लेटमध्ये विष्ठेचा द्रव पातळ करत करत घालायचा आणि कितव्या खाचेपर्यंत पेशी चिकटतात ते बघायचं. खर्च नगण्य, आणि विषाणूचं प्रमाणही कळतं. ताजं डुकराचं रक्त मिळवणं हाच काय तो खटाटोप.

आणि साधी रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी धाडकन खाली आल्या असतील तर पार्वोचा संशय बळावतो, आणि त्या पुन्हा वर येऊ लागल्या की पिल्लू वाचण्याची आशा धरता येते. पिल्लाच्या जिवाचं काय होणार हे या सीबीसीवरून जेवढं कळतं तेवढं पार्वोच्या पट्टीवरून कळत नाही. पट्टीचा उपयोग दुसरीकडे आहे. रेघ उमटली की ते पिल्लू वेगळ्या खोलीत, टेबल ब्लीचनं धुवायचं, माणसाच्या चपला आणि हातमोजे बदलायचे, आणि घरी दुसरं पिल्लू असेल तर त्याची लस तपासायची. पार्वोला वरचं स्निग्ध आवरण नसतं, म्हणून साबण-फिनेलला तो दाद देत नाही आणि अंगणात महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे पार्वोनं पिल्लू गेलेल्या घरात पुढच्या आठवड्यात नवं पिल्लू आणायचं की नाही, हे त्या पट्टीनं ठरवावं.

डिस्टेंपरचा किस्सा अधिक गुंतागुंतीचा आणि माझ्या मते अधिक रंजक. हा गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. फ्रान्सच्या आंरी कारे यांनी 1905 मध्ये दाखवलं की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोग पार होतो, पण पुढची वीस वर्षं त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही, कारण डिस्टेंपरच्या कुत्र्याच्या नाकात, फुप्फुसात इतर जिवाणू ढिगानं सापडत. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये 'द फील्ड' या शिकारी लोकांच्या साप्ताहिकानं वाचकांकडून पैसा गोळा केला आणि त्या बळावर लेडलॉ आणि डंकिन या संशोधकांनी मिल हिल इथे प्रयोग केले. कुत्र्यांमध्ये आधीच्या संसर्गानं निकाल गढूळ होत, म्हणून त्यांनी फेरेट हा छोटा प्राणी निवडला. विषाणूचा वाद मिटला आणि लस आली. गंमत म्हणजे तिथल्याच फेरेटांवर 1933 मध्ये माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला. कुत्र्यांसाठी जमवलेल्या वर्गणीतून माणसाच्या फ्लूच्या संशोधनाची वाट निघाली.

डिस्टेंपरची अडचण अशी की तो आठवड्या-आठवड्याला शरीरातली जागा बदलतो. सुरुवातीला ताप, डोळ्यातून चिकट स्राव, नाक वाहतं, मग खोकला, हगवण. आठवड्यांनंतर, कधी सगळं बरं वाटू लागल्यावर, पाय किंवा जबडा उडायला लागतो, झटके येतात, पंजे आणि नाक कडक होतं. विषाणू रक्तात फार काळ टिकत नाही. डोळ्याच्या आतल्या अस्तरावरचा स्वॅब सुरुवातीच्या काळात उत्तम, पण झटके सुरू झालेल्या कुत्र्यात तोच निगेटिव्ह येऊ शकतो. तेव्हा लघवी किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं. लघवी गोळा करायला सोपी आणि त्यात विषाणू बराच काळ सापडतो, तरी लॅबकडे जाणाऱ्या डिस्टेंपरच्या नमुन्यांत बहुतेक वेळा रक्ताचीच नळी असते, कारण कुत्र्याचं रक्त काढायची सवय डॉक्टरच्या हाताला असते. एक नमुना पाठवण्यापेक्षा डोळ्याचा स्वॅब, लघवी आणि रक्त असे तिन्ही पाठवून एकत्र तपासायला सांगितलं तर त्याच पैशात कितीतरी अधिक हाती लागतं.

प्रतिपिंडांचं काय? लस घेतलेल्या कुत्र्यात ते असायचेच, त्यामुळे आयजीजी या प्रकारचे प्रतिपिंड सापडले म्हणून डिस्टेंपर झाला असं म्हणणं चूक. आयजीएम हा दुसरा प्रकार ताज्या संसर्गाकडे बोट दाखवतो, पण ताज्या लशीकडेही दाखवतो. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा रक्त घेऊन प्रतिपिंड चौपट वाढले का हे पाहणं ही पाठ्यपुस्तकातली पद्धत. व्यवहारात दुसऱ्या नमुन्याच्या दिवसापर्यंत कुत्रा बरा तरी झालेला असतो किंवा गेलेला तरी. सर्वांत वजन असलेली खूण म्हणजे मज्जारज्जूच्या पाण्यातले प्रतिपिंड, कारण तिथे लशीचे प्रतिपिंड सहसा पोचत नाहीत. सुई टोचताना रक्त मिसळलं तर मात्र तेही बिघडतं.

डिस्टेंपरची तपासणी एका कुत्र्यापलीकडे किती जाते हे गीरनं दाखवलं. सप्टेंबर 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. आधी आपसातल्या मारामाऱ्यांचं आणि जखमांचं कारण सांगितलं जात होतं. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे आले आणि त्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. काही सिंहांमध्ये गोचिडांमुळे होणारा बबेसियाही होता. 1994 मध्ये सेरेंगेटीत डिस्टेंपरनं सुमारे हजार सिंह नेले होते, म्हणून धास्ती होती. मग परदेशातून लस मागवून सिंहांना टोचली गेली आणि गावच्या कुत्र्यांच्या लसीकरणाची चर्चा झाली. माणसांच्या विषाणूंसाठी 1952 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या संस्थेला सिंहांचं कोडं सोडवावं लागलं, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट वाटावी. मला ती थोडी अस्वस्थही करते. जंगलाच्या कडेच्या गावांतल्या कुत्र्यांचे नमुने नियमित तपासले जात असते, तर सिंह मरेपर्यंत थांबावं लागलं नसतं. ताडोबा आणि पेंचच्या भोवतीची गावं काही वेगळी नाहीत.

डिस्टेंपरचे झटके येणारं, लाळ गाळणारं कुत्रं रस्त्यावर दिसलं की लोक म्हणतात पिसाळलंय. उलटही होतं. मुक्या प्रकारचा रेबीज झालेलं कुत्रं नुसतं कोपऱ्यात पडून राहतं, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आणि मालक घशात हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालतो. या दोन रोगांत बाहेरून फरक करणं अनुभवी डॉक्टरलाही जमेलच असं नाही.

रेबीजमध्ये जिवंत कुत्र्यासाठी विश्वासार्ह तपासणी नाही, हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात लावून ठेवावं असं आहे. लाळेत विषाणू थांबून थांबून येतो, त्यामुळे लाळेचं पीसीआर निगेटिव्ह आलं म्हणून रेबीज नाही असं म्हणता येत नाही. रक्तात प्रतिपिंड अगदी शेवटी येतात. लस घेतलेल्या कुत्र्यात ते आधीच असतात. म्हणून चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची पद्धत आहे. लक्षणं दिसण्याआधी काही दिवसच लाळेत विषाणू येतो, तेव्हा चाव्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. यासाठी लागते फक्त एक साखळी आणि एक माणूस, आणि ही 'तपासणी' कुठल्याही किटपेक्षा भरवशाची. पण माणसानं वाट पाहायची नाही. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लस त्याच दिवशी सुरू करायची. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढची लस थांबवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

कुत्रा मेल्यानंतरच्या तपासणीचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे. इटलीतल्या पाविया इथे आदेल्की नेग्री यांनी 1903 मध्ये मेंदूच्या पेशींत गुलाबी ठिपके पाहिले. त्यांच्या नावानं ओळखले जाणारे हे ठिपके दिसले तर रेबीज नक्की, पण न दिसल्यानं काहीच सिद्ध होत नाही, कारण बऱ्याच पिसाळलेल्या कुत्र्यांत ते सापडत नाहीत. तरी आपल्याकडे कित्येक वर्षं त्यांच्यावरच निकाल दिले गेले. मग उंदराच्या मेंदूत नमुना टोचून तीन-चार आठवडे वाट पाहायची पद्धत आली. 1958 मध्ये चमकणाऱ्या प्रतिपिंडांची फ्लुरोसंट तपासणी आली आणि ती आजही मानदंड मानली जाते. मेंदूचा ठसा काचेवर घ्यायचा, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचा, रंग लावलेले प्रतिपिंड टाकायचे आणि खास मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके शोधायचे. काही तासांत निकाल. मेंदू सडलेला असेल तर मात्र ती फसते, आणि आपल्या उन्हाळ्यात मेलेलं कुत्रं रस्त्याच्या कडेला अर्धा दिवस पडलं तरी मेंदूचा लगदा होतो. अशा वेळी पीसीआर बरं.

नमुना मेंदूच्या देठाचा आणि लहान मेंदूचा हवा. पूर्वी सगळं डोकं कापून बर्फात पाठवायचे. त्यासाठी कवटी फोडायला लागे आणि ते काम करायला कुणी तयार नसे. आता मानेच्या मागच्या मोठ्या छिद्रातून प्लॅस्टिकची नळी आत सारून मेंदूचा नमुना ओढून घेता येतो. हे काम करणाऱ्यानं आधीच रेबीजची लस घेतलेली असावी, ही अट कागदावर सगळीकडे आहे. प्रत्यक्षात डोकं कापणारा रोजंदारीवरचा सफाई कामगार असतो, आणि त्याला लस टोचली आहे का हे कुणी विचारत नाही.

मेलेल्या कुत्र्यांचे मेंदू तपासून काय साधतं ते गोव्यानं दाखवलं. तिथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी दरवर्षी सुमारे 95 हजार कुत्र्यांना लस टोचली, संशयित कुत्र्यासाठी फोन लाइन ठेवली आणि मेलेल्या प्रत्येक संशयित कुत्र्याचा मेंदू तपासला. माणसांमधला रेबीज थांबला, कुत्र्यांमधल्या रुग्णांचं दरमहा प्रमाण 92 टक्क्यांनी घटलं आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. लस कुठे कमी पडली, शेजारच्या राज्यातून विषाणू कुठून येतो, हे तपासलेल्या मेंदूंवरूनच कळत होतं. अशा मोहिमेत सुरुवातीला रुग्णांचा आकडा वाढलेला दिसतो, कारण आधी कुणी बघतच नव्हतं. तेव्हा नेत्यांनी धीर सोडायचा नसतो.

बाकीच्या विषाणूंचं थोडक्यात आटोपतो. कावीळ आणि निळसर डोळा घडवणारा अ‍ॅडेनोव्हायरस-1 लशीमुळे मागे पडला. पीसीआर त्याला लशीतल्या अ‍ॅडेनोव्हायरस-2 पासून वेगळं ओळखतं. नवजात पिल्लं एकामागून एक दगावली तर हर्पिसची आठवण ठेवावी. केनेल कफ या सांसर्गिक खोकल्यासाठी दहा-बारा जंतूंचं एकत्र पीसीआर पॅनल निघालं आहे आणि त्याचा मोह आवरला पाहिजे, कारण निरोगी कुत्र्याच्या नाकातही त्यांतले दोन-तीन सापडतात. कोविडच्या सुरुवातीला हाँगकाँगमधल्या सतरा वर्षांच्या एका पोमेरेनियनचा स्वॅब 'वीक पॉझिटिव्ह' आला आणि घाबरलेले लोक कुत्री रस्त्यावर सोडून देतील अशी भीती जगभर पसरली. पहिल्या रक्ततपासणीत प्रतिपिंड नव्हते, नंतरच्या तपासणीत आढळले, म्हणजे संसर्ग खरा होता. पण कुत्र्यापासून माणसाला कोविड होतो असं काही त्यातून निघत नव्हतं. एका कमकुवत निकालाचं किती ओझं होऊ शकतं याचं हे चांगलं उदाहरण.

एक गोष्ट विषाणूंची नसूनही सांगायलाच हवी. आपल्याकडे कुत्र्याला ताप आला, खाणं सोडलं, की 'व्हायरल आहे' म्हणून औषध दिलं जातं. त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांना गोचिडांचा ताप असतो, एर्लिकिया किंवा बबेसिया. रक्ताचा एक ठसा मायक्रोस्कोपखाली आणि प्लेटलेटचा आकडा, एवढ्यानं पुष्कळदा उलगडा होतो, आणि त्याला औषध आहे. महागडं विषाणू पॅनल मागवण्याआधी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडं शोधावीत.

आता प्रतिपिंडांच्या तपासणीची दुसरी बाजू. पार्वो आणि डिस्टेंपरमध्ये प्रतिपिंड असणं आणि संरक्षण असणं यांचा संबंध चांगला जुळतो. पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेले प्रतिपिंड लशीला निष्प्रभ करतात, आणि लस घेऊनही पार्वो होतो याचं सर्वांत मोठं कारण हेच. म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर द्यावा असं जागतिक मार्गदर्शन आहे, आणि त्यानंतर चार आठवड्यांनी रक्त तपासून लस लागली की नाही हे पाहता येतं. ही खरं तर आजारी कुत्र्यापेक्षा निरोगी कुत्र्यासाठीची तपासणी, आणि आपल्याकडे तिचा वापर नगण्य आहे. उलट रेबीजचे प्रतिपिंड मोजायला लोक पैसे मोजतात, कारण त्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. पुण्याहून जर्मनीला किंवा मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅमला कुत्रा न्यायचा असेल तर लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटरपेक्षा कमी नाही असा निकाल मिळवावा लागतो, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. अमेरिकेनंही ऑगस्ट 2024 पासून भारतासारख्या रेबीजचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्या, तिथे लस घेतलेल्या कुत्र्यांसाठी असाच निकाल मागायला सुरुवात केली; तो नसेल तर 28 दिवस अलग ठेवतात. कित्येक कुटुंबं व्हिसा मिळाल्यावर कुत्र्याचा विचार करतात आणि मग कुत्रा आजी-आजोबांकडे ठेवून जातात. बदलीची कुणकुण लागली की आधी कुत्र्याचं रक्त काढा.

प्रयोगशाळेत पोचण्याआधी नमुन्याचं जे होतं त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. पीसीआरसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत हवं. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपरिन प्रतिक्रियेत खोडा घालतं. फॉर्मेलिनमध्ये टाकलेला तुकडा पेशी बघायला चांगला, विषाणू वाढवायला निकामी. कुरियर शनिवारी उचललं तर थर्माकोलच्या डब्यातला बर्फ रविवारी वितळलेला असतो. आणि सोबतच्या कागदावर वय, शेवटच्या लशीची तारीख, आजाराचा कितवा दिवस या रकान्यांत बहुतेकदा काहीच लिहिलेलं नसतं. लॅबला तारीख कळली नाही तर सीटी 34 चा अर्थ ती कसा लावणार?

महाराष्ट्रात लॅब नाहीत असं नाही. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, मुंबई आणि नागपूरसह अनेक ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शहरांत खाजगी पीसीआर लॅब निघाल्या आहेत. रेबीजसाठी बंगळुरूच्या हेब्बाळ इथली प्रयोगशाळा जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे. अडतं ते नमुना तालुक्याहून तिथे पोचण्यात. 28 सप्टेंबर 2021 ला केंद्रानं 2030 पर्यंत कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज संपवायचा आराखडा जाहीर केला. किती मेंदू तपासले याचा आकडा जिल्ह्यागणिक हाती नसेल तर रेबीज संपला की नाही हे कसं कळणार, या प्रश्नाला आराखड्यात तपासणीचं जाळं उभारायचं उत्तर आहे. जमिनीवर त्यासाठी लागतं ते फार नाही. आधीच लस घेतलेला एक माणूस, नमुना ओढायची नळी, ग्लिसरॉल-सलाईनची बाटली, आइसपॅक. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात डीआरआयटी ही तपासणी साध्या मायक्रोस्कोपखाली तासा-दीड तासात होऊ शकते. तिला फ्लुरोसंट यंत्राची गरज नाही आणि तिचे निकाल फ्लुरोसंट तपासणीच्या तोडीचे आहेत. अडचण एवढीच की तिला लागणारे प्रतिपिंड बाजारात सहज मिळत नाहीत. खाजगी कंपनी ते बनवायच्या भानगडीत पडेल असं वाटत नाही. रस्त्यावर मेलेल्या कुत्र्याच्या तपासणीचं बिल भरायला मालक नसतो, आणि महापालिकांच्या अंदाजपत्रकात नसबंदी आणि लसीकरणाचे रकाने असतात, मेंदू तपासायचा नसतो.